बालकाचे अन्न तोडण्यापूर्वी

आमच्या महागाव तालुक्यात दीड-दोन वर्षांच्या बालकाच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, की घरची मंडळी प्रथम दूध बंद करतात, मग शेंगदाणा, मग अंडे. आणि काही वैद्यबंधू त्यास ‘पथ्य’ म्हणून संमती देतात. हे पथ्य नव्हे, वाढत्या वयातील उपासमार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शीतपित्त, उदर्द, कोठ यांची कारणे अनेक. एखाद्या अन्नास दोषी ठरवायचे, तर ते खाल्ल्यावर बहुधा दोन तासांच्या आत, आणि दर वेळी, लक्षण उठते काय, हे विचारलेच पाहिजे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या ‘लीप’ अभ्यासात तान्हेपणीच शेंगदाणा सुरू केलेल्या जोखमीच्या बालकांत त्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. ओकसात्म्य जाणणाऱ्यांस याचे नवल वाटू नये!

मात्र दुधाची अ‍ॅलर्जी खरीच ठरली, तर घृतकल्प व दुधाचे अनुपानही वर्ज्य; तुपात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो. औषधविक्रेत्यांनीही पुडी बांधण्यापूर्वी एवढे विचारावे. ओठ सुजले, श्वास लागला वा मूल एकाएकी मलूल पडले, तर आपल्या औषधाची वाट न पाहता अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात त्यास तत्काळ पाठवावे.