गॅसच्या औषधाआधीचा एक प्रश्न

ताट आणि औषध : साप्ताहिक सदर

एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, गोळी चुकवू नका, हे प्रत्येक समुपदेशक सांगतो आणि ते सांगायलाच हवं. पण ती घेणाऱ्यानं जेवावं काय आणि तिच्या आगेमागे कोणतं औषध टाळावं, याची चर्चा दवनीवाड्यासारख्या गावात फारशी होत नाही. या दोन्ही प्रश्नांत एकच खनिज येतं, ते म्हणजे मॅग्नेशियम.

देशात सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. त्या काळातल्या स्टॅव्ह्युडीननं जीव वाचवले, पण अनेकांचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले. आता बहुतेकांना टीएलडी मिळते : टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. ती नेमानं घेतली तर विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबतो आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला लागत नाही. माणूस नातवंडं पाहतो. मग त्याच्या तक्रारीही वेगळ्या होतात. डोल्युटेग्राविरवर अनेकांचं वजन वाढतं, काहींची साखर चढते. टेनोफोविरमुळे हाडं विरळ होऊ शकतात, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. हृदयाचा धोकाही इतरांपेक्षा जास्त. भारतासह १२ देशांतल्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांवर झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. कोलेस्टेरॉलच्या एका साध्या गोळीनं हृदयविकार, पक्षाघातासारखे प्रसंग सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले.

यातल्या साखरेच्या तक्रारीशी मॅग्नेशियमचा संबंध येतो. शरीरातली तीनशेहून अधिक विकरं त्याच्या मदतीनं चालतात. इन्सुलिननं पेशीला दिलेला संदेश पेशीच्या आत पोचायलाही ते लागतं. ते कमी पडलं की इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. साखर वाढली की मूत्रपिंडं आणखी मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्ततपासणीत ही कमतरता सहसा कळत नाही, कारण शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं. निम्म्याहून अधिक हाडांत असतं.

मोठ्या माणसाला रोज साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम लागतं. दवनीवाड्याचा हा आपला जिल्हा धानाचा, ताटात दोन्ही वेळा भात. तांदळातलं मॅग्नेशियम मुख्यतः वरच्या कोंड्यात असतं. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत घासला की त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश कोंड्याबरोबर जातं. कोंडा तेलाच्या कारखान्यात आणि गुरांच्या गव्हाणीत जातो. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालतात, मॅग्नेशियम घालत नाहीत.

पण ही उणीव भरून काढणारं आपल्याच बांधीत पिकतं. धान उभं असतानाच ओलीवर लाखोळी, जवस फेकायची रीत आपल्याकडची. दोन मोठे चमचे जवस भाजून चटणी केली तर ७०-७५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. मूठभर शेंगदाण्यांतून ५० च्या आसपास. वाटीभर पांढऱ्या भातातून जेमतेम २०. त्यात हरभऱ्याची डाळ, तीळ, हिरव्या पालेभाज्या धरा. भात एक मूठ कमी करून डाळ-भाजी वाढवली तर साखरेलाही बरं.

मात्र एआरटीचे दुष्परिणाम मॅग्नेशियमनं पुसले जातात, असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. तसा पुरावा नाही. कमतरता भरून निघाली तर इन्सुलिनचं काम सुधारायला मदत होते, इतकंच म्हणता येतं. डब्यातल्या मॅग्नेशियमच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेणं तर वाईटच. मूत्रपिंड दुबळं असेल तर हे खनिज रक्तात साचतं, आणि टेनोफोविर घेणाऱ्यानं तो धोका गृहीत धरायलाच हवा.

आता खरी मेख. जेवणातल्या मॅग्नेशियमनं डोल्युटेग्राविरचं काही बिघडत नाही. पण गॅसच्या पातळ औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम इतक्या प्रमाणात असतं की ते पोटातच या औषधाला धरून ठेवतं. दोन्ही एकदम घेतलं तर डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण जवळपास तीन चतुर्थांशानं घटतं. म्हणून नियम असा : गोळी घेतल्यावर निदान दोन तास असं औषध नको, आणि ते आधी घेतलं असेल तर गोळीत सहा तासांचं अंतर हवं. पूर्वीच्या इफाव्हिरेन्झच्या गोळीनं चक्कर यायची, म्हणून ती झोपताना घ्यायची सवय लागली. टीएलडी आली तरी अनेकांनी तीच वेळ ठेवली. जळजळीचं औषधही रात्रीच्या जेवणानंतरच घेतलं जातं. गोळी एक दिवसही न चुकवणाऱ्याचा उपचार असा गुपचूप कमकुवत होऊ शकतो. पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्या डोल्युटेग्राविरला आड येत नाहीत, पण वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींच्या शरीरातलं मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हा इशारा २०११ मध्येच दिला होता.

मेडिकल दुकानात उभा असलेला माणूस हे विचारणार कसा? गाव लहान, शेजारी ओळखीचे. ‘मी एआरटीवर आहे’ असं तो चारचौघांत म्हणणार नाही, आणि त्यानं म्हणावं अशी अपेक्षाही करू नये. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं त्याच्या गुप्ततेला संरक्षण दिलंय. तेव्हा पुढाकार दुकानदारानं घ्यावा. गॅसचं औषध मागणाऱ्या प्रत्येकाला त्यानं विचारावं, ‘रोजची कुठली गोळी चालू आहे का? असेल तर हे घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना वेळ विचारून घ्या.’ थायरॉइडच्या गोळीला, लोहाच्या गोळीला, काही अँटिबायोटिक्सनाही हेच औषध आड येतं. सगळ्यांनाच विचारलं की कुणा एकाकडे बोट जात नाही, आणि रोगाचं नाव तर लागतच नाही.

एआरटी केंद्रानंही महिन्याच्या गोळ्या देताना दोन प्रश्न जास्त विचारावेत : रात्री जेवता काय, आणि गॅससाठी घेता काय? याला ना यंत्र लागतं ना निधी. आशाताईंच्या बैठकीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनेत हा विषय एकदा निघाला तरी पुष्कळ होईल.

— धानकरी