कंपनी बंद झाली, ट्रॅक्टर चालूच आहे

एचएमटीचा ट्रॅक्टर माझ्या शेडसमोर येऊन उभा राहिला की मालक काय बिघडलं ते आधी सांगत नाही. "भाऊ, पार्ट भेटन का याचा?" हा त्याचा पहिला प्रश्न. बिघाड काय तो नंतर. बाकीच्या कंपन्यांचे ट्रॅक्टरवाले येतात तेव्हा विचारतात, खर्च किती येईन अन् कधी देशीन. कामरगावात ट्रॅक्टर दुरुस्तीवर माझं घर चालतं, त्यामुळे प्रश्नावरून ट्रॅक्टर कोणता ते मी आवाज न ऐकताही सांगू शकतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सचा, म्हणजे एचएमटीचा, ट्रॅक्टर विभाग बंद करायला मंजुरी दिली. कारखाना हरियाणातल्या पिंजोरचा. १९७१ साली झेकोस्लोव्हाकियाच्या झेटोरचं तंत्र घेऊन तिथे पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर निघाला. पुढे पस्तीसचा आला, एकोणसाठचा आला. ज्या सरकारने कारखाना उभा केला त्याच सरकारने पंचेचाळीस वर्षांनी त्याला कुलूप लावलं. त्या निर्णयात सुमारे ७१८ कोटी रुपयांची तरतूद होती. थकलेले पगार, इतर देणी, स्वेच्छानिवृत्ती, सगळ्याचा हिशेब होता. जमिनीचाही विचार झाला, आणि त्या परिसरातल्या काही जागेवर आता हरियाणा सरकारची सफरचंदाची मंडी आहे. कामगारांचे पैसे आधी द्यायला हवे होते, ते दिले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. महिनोन् महिने बिनपगारी राहिलेल्या माणसाचा हक्क सगळ्यात पहिला. पण ज्याच्या गोठ्याशेजारी त्या कारखान्याचं यंत्र उभं आहे, ज्याने ते कर्ज काढून घेतलं, त्याच्यासाठी त्या हिशेबात एक ओळही मला दिसली नाही.

कारखाना का बुडाला हे सांगायला मी बसलो नाही. महिंद्रा, स्वराज आणि इतरांनी नवीन मॉडेलं आणली, तालुक्या-तालुक्यात डीलर बसवले, हप्त्याची सोय दारात आणून दिली. एचएमटी होती तिथेच राहिली. एवढं पुरे.

बंदची बातमी इकडे पोचली तेव्हा आमच्या भागातले मालक तीन तऱ्हेने वागले. काहींनी मिळेल त्या भावात ट्रॅक्टर काढला. चालू ट्रॅक्टर लोखंडाच्या भावात वजनावर जाताना मी पाहिला आहे, आणि ते पाहून हातातला पाना खाली ठेवावासा वाटतो. काहींनी उलटं केलं, दुसरा बंद पडलेला एचएमटी विकत घेतला आणि घरामागे ताडपत्रीखाली उभा केला. त्याला इकडे 'पार्टाचा ट्रॅक्टर' म्हणतात. आज सेल्फ काढला, उद्या स्टीअरिंग बॉक्स काढला, असा तो हळूहळू दुसऱ्या ट्रॅक्टरच्या पोटात जातो. तिसरी तऱ्हा म्हाताऱ्या मालकांची. त्यांना बातमीच पटली नाही. एक काकाजी माझ्याशी चक्क भांडले. "सरकारची कंपनी हाये, बंद कशी होईन? मी तं सरकारची म्हनूनच घेतली होती!"

काकाजींचं हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या पिढीने एचएमटी घेतली ती रंग पाहून किंवा मायलेज विचारून नाही. सरकारचा शिक्का होता. मनगटावरचं घड्याळ एचएमटीचं, ते चालत होतं, मग शेतातही तेच. नावावर विश्वास इतका की चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या धानाचं नावही एचएमटी पडलं, तेव्हा घड्याळाची चलती होती म्हणून. दादाजी जून २०१८ मध्ये गेले. घड्याळाची कंपनी बंद करायला मंत्रिमंडळाने २०१६ च्या जानेवारीतच मंजुरी दिली होती. तांदूळ मात्र अजून बाजारात एचएमटी म्हणूनच विकला जातो, आणि तो शिजवणाऱ्या घरात पिंजोरचं नावही कोणी ऐकलेलं नसतं.

घड्याळ बंद होणार म्हटल्यावर शहरात लोक घ्यायला धावले, कपाटात ठेवायला. ट्रॅक्टर कपाटात ठेवता येत नाही. पंजाब-हरियाणात एचएमटीच्या ५९११ मॉडेलचे शौकीन आहेत, नवा रंग देऊन ते ट्रॅक्टरला नवरदेवासारखा सजवतात. छान आहे, मला आवडतं. पण आमच्याकडे मृगाचं पाणी पडलं की सोयाबीनची पेरणी चार-सहा दिवसांत उरकायची असते. तेव्हा ज्याचा ट्रॅक्टर शेडात उभा त्याला सजावट सुचत नाही. तो भाड्याने दुसऱ्याचा ट्रॅक्टर पाहतो आणि नंबर लागेपर्यंत वावराच्या धुऱ्यावर बसून राहतो.

आता पार्टाचं सांगतो, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. कंपनी बंद झाली म्हणजे सगळंच मिळेनासं झालं असं नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो जगभर एकच. ऑइल सीलचं माप घेतलं की सील मिळतं. फिल्टर, पट्टे, टायर, बॅटरी, दिवे, हे बाजारात आहे. क्लच प्लेटला नवीन लायनिंग बसतं. क्रँक घासला तर ग्राइंडिंगवाल्याकडे नेऊन दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), मग वीस, मग तीस थाऊ कमी करतात आणि त्या मापाचे बेअरिंग शेल घालतात. शेवटच्या मापापर्यंत क्रँक साथ देतो. लाइनर-पिस्टनचे सेट दुय्यम कंपन्या काढतात, बरे असतात. काही जण तेवढ्यावर समजतात की गाडी अशीच चालत राहील.

अडतं ते गिअरपाशी, हायड्रॉलिकपाशी, मागचं अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टपाशी. हे भाग त्या मॉडेलचेच लागतात. लेथवाल्याला जुना गिअर दिला तर तो दात मोजून, व्हर्निअर लावून हुबेहूब दुसरा करून देतो. आमच्याकडचे लेथवाले हाताचे फार चांगले आहेत, त्यांना मी नाव ठेवणार नाही. पण हुबेहूब कशाचा? त्याच्या हातात आलेला गिअर वीस वर्षं घासलेला असतो. नव्या गिअरमध्ये ती झीजही नक्कल होऊन येते. दुसरं म्हणजे पोलाद. ईएन-८ चा दांडा बाजारात सहज मिळतो, म्हणून गिअर त्यात कापला जातो. ट्रॅक्टरच्या गिअरला लागतं वेगळं मिश्र पोलाद, वरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट. तो थर किती खोल, कडकपणा किती, भट्टीतून काढून तेलात कधी बुडवायचा, हे गिअर हातात घेऊन कळत नाही. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. एकदा असाच केलेला गिअर मी बसवला. पल्टी नांगराला जुंपल्यावर काळ्या जमिनीत पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे दात उडाले, आणि तुटलेले दात बाकीचे गिअर खराब करत केसिंगमध्ये फिरले. पाचशे रुपये वाचवायला गेलो आणि पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागला.

म्हणजे जे तुटलंय ते लोखंड नाही, माहिती आहे. ती माहिती सरकारची होती. एचएमटीचं भांडवल जनतेचं, एचएमटीचा तोटाही जनतेने भरला, आणि शेवटचे ७१८ कोटीही जनतेचेच. मग पिंजोरला जी ड्रॉइंगं होती, गिअरची, शाफ्टची, हायड्रॉलिकच्या ब्लॉकची, ती कोणाची? माझं म्हणणं एवढंच आहे: सरकारी कंपनी बंद करताना तिच्या मालाची ड्रॉइंगं आणि पार्ट्स बुक लोकांसाठी खुली करावीत. आयटीआयमध्ये ठेवा, कृषी विद्यापीठात ठेवा, मोबाइलवर उघडतील अशी ठेवा. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकी शिकवतात. तिथून एखाद्या पोराने पस्तीस हॉर्सपॉवरच्या गिअरचं ड्रॉइंग डाउनलोड केलं आणि अमरावतीच्या एखाद्या कारखान्यात दोनशे नग कापून घेतले तर कोणाचं काय जाणार आहे? स्पर्धेची भीती घालायला ट्रॅक्टरचा कारखानाच राहिला नाही.

कोणी म्हणेल, खाजगी कंपनीवर अशी सक्ती करता येईल का. खाजगी कंपन्यांनी माल बंद केल्यावर काय झालं, त्याची आपण रोज पाहतो ती उदाहरणं घ्या. बजाजने डिसेंबर २००९ मध्ये स्कूटर बंद करायचं ठरवलं तेव्हा राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघड सांगितलं होतं. तरी कंपनी शाबूत होती, चेतकचे भाग बाजारात येतच राहिले, आजही आमच्या गावात दूधवाला जुनी स्कूटर चालवतो. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं तेव्हा त्याच निवेदनात गाडीवाल्यांना सुटे भाग आणि सर्व्हिस मिळत राहील असं आश्वासन होतं. शेवरलेची विक्री २०१७ अखेर थांबली, तळेगावचा कारखानाही २०२० मध्ये बंद झाला, पण गाडीवाल्याला निदान कोणाला फोन करायचा ते माहीत होतं. मोटारीचा मालक शहरात असतो, त्याच्याकडे वकील असतो, तो कंपनीला पत्र पाठवतो. ट्रॅक्टरचा मालक कामरगावात असतो आणि तो माझ्याकडे येतो.

अमेरिकेतही ट्रॅक्टरवाल्यांचं भांडण चालू आहे, पण ते वेगळं आहे. तिथे कंपनी जिवंत आहे आणि संगणकाचं कुलूप लावून शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करू देत नाही. जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअरने तिथल्या शेतकरी संघटनेशी करार केला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे एक पोर्टलही काढलं, आणि ज्या वस्तूंचा विचार आधी करायचा त्यांत शेतीची यंत्रं आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर माहिती कंपन्यांनी टाकायची असते. ज्या ट्रॅक्टरचा कारखानाच बंद झाला त्याची माहिती कोण टाकणार?

दिवाळखोरीचा कायदाही या बाबतीत मुका आहे. २०१६ च्या त्या कायद्यात कंपनी मोडीत निघाली तर पैसे कोणाला कोणत्या क्रमाने द्यायचे ते स्पष्ट लिहिलं आहे. आधी कारवाईचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेली बँक, मग इतर कर्मचारी, पुढे बाकीचे. ज्यांनी माल घेतला आणि ज्यांना तो पुढे वापरायचा आहे त्यांना त्या रांगेत जागा नाही. पैसे द्या असं ते म्हणतही नाहीत. साचे भंगारात विकण्याआधी कोणाला हवेत का ते विचारावं, एवढीच त्यांची गरज असते. पिंजोरला निर्णय सरकारचा होता, कायद्याची रांग तिथे लागूही नव्हती. म्हणजे तिथे मालकांचा विचार करायला कसलीच अडचण नव्हती, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

बाजारभावाचीही गोष्ट सांगतो. कंपनी बंद झाली त्या आठवड्यात ट्रॅक्टरचं इंजिन काही बिघडलं नाही. पण जुना ट्रॅक्टर घ्यायला येणारा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे येतो, कानात विचारतो, "घेऊ का?" मी खरं सांगतो की इंजिन चांगलं आहे, पुढे गिअरबॉक्स निघाला तर अडचण होईल. तेवढ्या बोलण्यात मालकाचे पन्नास-साठ हजार जातात. खोटं सांगणं मला जमत नाही, आणि खरं सांगितलं की ओळखीचा माणूस नाराज होतो. दोघांपैकी एक तर माझ्याकडे परत येत नाही.

परवा एका मालकाने एचएमटी ३५२२ चा हायड्रॉलिक पंप आणून टेबलावर ठेवला. चांगला मजबूत पंप आहे, फक्त आतला एक भाग झिजला आहे आणि त्याचं मूळ माप माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरात ट्रंकेत, माळ्यावर एचएमटीचं जुनं पार्ट्स बुक किंवा सर्व्हिस मॅन्युअल पडलं असेल, तर कामरगावात आणून दाखवा. मी झेरॉक्स काढून ते परत करीन, पैसे माझे. २५११ चं असलं तरी चालेल. हायड्रॉलिकची पानं फक्त फाटलेली नसावीत.