एचआयव्ही: मेसेज खोडा, गोळ्या सोडू नका

"एचआयव्ही प्रयोगशाळेत माकडाचा आणि माणसाचा विषाणू जोडून बनवला, गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा!" असा मेसेज दाखवून कासू-पेण परिसरातले रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, गोळ्या बंद करू का?" अजिबात नाही.

असा जोडविषाणू खरोखर आहे. त्याला एसएचआयव्ही म्हणतात. पण तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. एचआयव्ही तर किन्शासा येथे १९५९ साली घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यातही सापडला आहे. मग आधी कोण?

ऱ्हीसस माकडांत एचआयव्ही टिकत नाही. म्हणून लस तपासण्यासाठी माकडांच्या एसआयव्हीवर एचआयव्हीचे आवरण चढवले. सुरुवातीला हा विषाणू दुबळा होता. एका माकडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेत गेल्यावर मात्र त्याच्या एका प्रकाराने काही आठवड्यांत सीडी४ पेशी फस्त केल्या.

कारण हे विषाणू स्वतःची नक्कल काढताना चुका करतात. बहुतेक चुका वाया जातात, एखादी त्यांच्या फायद्याची ठरते. वाढ जितकी जास्त, तितक्या संधी जास्त.

तुमच्या शरीरातही हेच घडते. गोळ्या अधूनमधून चुकवल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला न जुमानणारे विषाणू माजतात. रोज घेतल्यास वाढ रोखली जाते. 'व्हायरल लोड सापडत नाही' याचा अर्थ गोळ्या काम करताहेत, आजार गेला असा नाही.

सरकारी एआरटी केंद्रांतून या गोळ्या २००४ पासून मोफत मिळू लागल्या. मग धंदा कुणाचा? गोळ्या सोडायला लावून महागडा काढा विकणाऱ्याचा!