घुशीचे बीळ आणि पहिले शील



आमच्या विहारापुढे हिरवळीचा एक लहानसा तुकडा आहे. महिला मंडळाच्या भगिनींनी घरोघरी वर्गणी काढून तो लावला. चाळीतली पोरे तिथे अभ्यासाला बसतात, म्हातारी माणसे संध्याकाळी टेकतात. गेल्या आषाढात एके सकाळी वंदनेला गेलो, तर हिरवळीवर ताज्या मातीचे चार ढिगारे! आठवड्याभरात ते अकरा झाले. पुढे बोधिवृक्षाच्या कट्ट्याखालची माती खचू लागली. घुशी लागल्या होत्या. हिंदीत घूस म्हणजे लाच. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हाला दोन्ही माहीत आहेत. दोन्ही पाया पोखरतात आणि दोन्ही रात्रीच हिंडतात.

वर्षावासाच्या प्रवचनानंतर बैठक बसली. तरुण मंडळी म्हणाली, "विषाच्या गोळ्या बिळात टाका, एका रात्रीत मोकळे." त्यावर एक उपासिका उठल्या. "सकाळी पंचशील म्हणायचे आणि संध्याकाळी विहाराच्या दारात विष ठेवायचे? जो जीव मारतो त्याने पहिले शील मोडले, एवढेच मला कळते."

सभा गप्प झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मामा उभे राहिले. महापालिकेच्या नोकरीत त्यांनी जन्मभर रात्रपाळीत उंदीर मारण्याचे काम केले. ते म्हणाले, "ताई, एका रात्रीला तीस उंदीर मोजून द्यावे लागत. काठी आणि बॅटरी घेऊन गटारागटारात फिरलो. त्याच पगारावर माझ्या दोन मुली शिकल्या. मग माझे शील गेले म्हणायचे काय?"

या प्रश्नाला उत्तर देणे आम्हा सर्वांना भाग होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ उलगडून दाखविला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. शील हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. मामांनी हौसेने काठी चालवली नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. उंदीर-घुशींच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. झोपडीतल्या लेकरांना त्यापासून वाचविण्यासाठी मामा रात्री जागले. त्या ताईंनी मामांना हात जोडले आणि म्हणाल्या, "माझे चुकले."

पण मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले, "गरज असेल तर मारा, पण आधी गरज आहे का ते बघा. या घुशी आपणच बोलावल्या." विहाराच्या मागे जाऊन पाहिले, तर खरेच! प्रत्येक कार्यक्रमानंतर उरलेला भात आम्ही गटाराच्या कडेला टाकत होतो.

मामांनी सांगितलेले उपाय वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून देत आहोत.

संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जे उकरलेले दिसेल त्यातच घूस आहे, बाकीची रिकामी समजावीत. खरकटे झाकणाच्या डब्यात ठेवावे, मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवावी. रिकामी बिळे खडी, फुटक्या काचा आणि सिमेंट घालून बंद करावीत. जोत्याच्या किंवा कट्ट्याच्या कडेने दीड-दोन फूट खोल बारीक भोकांची जाळी पुरावी. पिंजरा लोखंडीच घ्यावा, कारण घूस लाकूड कुरतडते. आमिषाला सुका बोंबील किंवा भजे लावावे. पकडलेल्या घुशीला उघड्या हाताने शिवू नये, ती कडाडून चावते. ती दुसऱ्याच्या वस्तीत नेऊन सोडणे हा तर शेजारधर्म नव्हेच.

विषाच्या गोळ्या घराजवळ मुळीच नकोत. ॲल्युमिनियम फॉस्फाईडचा वायू बिळातून खोलीत शिरतो आणि झोपेतच माणसे जातात. त्यावर उतारा नाही. आमिषात कालवलेले विष पोरांच्या आणि कुत्र्यांच्याही तोंडी लागते.

पावसाच्या पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवावेत आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी घ्यावी की काय ते विचारावे. ताप, अंगदुखी, लाल डोळे दिसले तर अंगारा-धुपारा न करता थेट दवाखाना गाठावा.

वर्षावास संपेपर्यंत आमची नऊ बिळे नुसती अन्न बंद झाल्याने आणि बुजवल्याने शांत झाली. दोन घुशी मात्र पिंजऱ्यात सापडल्या. त्या महापालिकेच्या कामगाराच्या हवाली केल्या. त्यांचे पुढे काय झाले, हे आम्हाला ठाऊक आहे. ते काम दुसऱ्यावर सोपवून आपण मात्र पुण्यवान राहायचे, हा ढोंगीपणा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालला. त्याचे चटके आपल्याइतके कोणी सोसले? म्हणून त्या कामगाराला आम्ही विहारात बसवून चहा दिला. त्याच्या हातात हातमोजे नव्हते, पायात बूट नव्हते. ते मिळावेत म्हणून शंभर सह्यांचा अर्ज आम्ही वॉर्ड कचेरीत दिला आहे.

हिरवळ पुन्हा धरू लागली आहे. आपल्या वस्तीतही बिळे दिसली तर आधी खरकट्याचा डबा पाहा, विषाची पुडी नको.

जयभीम!