बिऱ्हाड, पिस्तूल आणि राज्याची वेस

कोलोरॅडोतून न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवणाऱ्या एका तरुणाला २०१० मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या गाडीच्या डिक्कीत पिस्तुले सापडली होती. ती त्याने कोलोरॅडोत रीतसर विकत घेतली होती आणि सापडली तेव्हा त्यांत गोळ्या नव्हत्या. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना शस्त्र नेण्याची सूट न्यू जर्सीच्या कायद्यात आहे. ज्यूरीने या सुटीबद्दल पुन्हा पुन्हा विचारले, तरी न्यायाधीशांनी ती समजावून सांगायला नकार दिला. पुढे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी शिक्षा कमी केल्यावर त्याची सुटका झाली आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पिस्तुलांबाबतची दोषसिद्धी रद्द केली.

बाहेरून येणाऱ्या शस्त्रांबद्दलची न्यू जर्सीची धास्ती मात्र खोटी नाही. दक्षिणेकडच्या सैल कायद्यांच्या राज्यांतून आय-९५ महामार्गाने बेकायदा शस्त्रे वर येतात. पोलीस या वाटेला ‘आयर्न पाइपलाइन’ म्हणतात. ‘घर बदलतोय’ ही सबब तस्करही सांगू शकतो. म्हणूनच प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा दाखवता येईल अशी सोय कायद्यातच हवी.

१९८६ च्या अमेरिकी संघीय कायद्याने प्रवाशाला थोडे संरक्षण दिले. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या, अशा दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे वैध असेल, ते रिकामे असेल आणि सहज हाताला लागणार नाही असे ठेवले असेल, तर मधल्या राज्यांतून नेता येते. पण हे संरक्षण फार तोकडे आहे. २००५ मध्ये यूटाहहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये पुढचे विमान चुकले. बॅग ताब्यात घेऊन तो हॉटेलात मुक्कामाला गेला आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर पिस्तुलासह पकडला गेला. हॉटेलात शस्त्र त्याच्या हाताशी होते, म्हणून संघीय संरक्षण लागू होत नाही, असे अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले.

सामान दुसऱ्याच्या ट्रकमधून पाठवायचे तर वाहतूक कंपनीला शस्त्राची लेखी सूचना द्यावी लागते. मशीनगनसारख्या काही शस्त्रांना राज्याबाहेर नेण्याआधी संघीय परवानगी लागते. न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीच्या मराठी घरांनाही हे नियम चुकत नाहीत. एच-१बी व्हिसावरच्या नोकरदाराला तर काही अपवाद सोडता बंदूक बाळगताच येत नाही.

शस्त्रासह बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियाने साधा मार्ग काढला आहे: राज्यात राहायला आल्यावर ६० दिवसांत शस्त्राची नोंद करायची. २०२२ मध्ये न्यू जर्सीनेही नव्या रहिवाशांसाठी नोंदणीची अशीच मुदत ठरवली. भारतातही परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते परवान्यावरच लिहिलेले असते आणि पत्ता बदलला की परवाना अधिकाऱ्याला कळवावे लागते.

अशी नोंदणी मात्र मुक्कामी पोहोचल्यावरची झाली. वाटेतल्या रात्रीचे काय? चुकलेले विमान किंवा बंद पडलेला ट्रक अशा वेळी शस्त्र पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेता आली पाहिजे आणि ती पावती न्यायालयात ग्राह्य धरली पाहिजे. संघीय कायद्यात ही दुरुस्ती झाली, तर न्यू जर्सीला आपला एकही निर्बंध सैल करावा लागणार नाही.