बाळाची शी पांढरी आहे का?

अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात बाळंतपण होतं, तिसऱ्या दिवशी लेकरू पिवळं दिसतं. ‘दूध पाजा, उतरेल’ असं सगळे सांगतात, आणि बहुतेकांची कावीळ उतरतेही. घोर लावते ती चौदा दिवसांनंतरही रेंगाळणारी कावीळ. शी पांढुरकी किंवा फिकट मातकट होते, लघवीने लंगोट पिवळा होतो. बाळ मात्र दूध पितं, वजनही धरतं. मग शंका येणार कुणाला?

हा बिलिअरी अट्रेसिया असू शकतो. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी सुजून आक्रसते, बंद होते. आत तुंबलेलं पित्त यकृत जाळत राहतं.

ही सूज येते कशाने? विषाणूवरचा संशय जुना आहे. 1974 साली बेंजामिन लँडिंग यांनी नवजातांचा यकृतदाह आणि ही बंद नळी एकाच दाहाची रूपं असावीत, असं मांडलं. पुढे नवजात उंदरांना रोटाव्हायरस टोचल्यावर त्यांच्या पित्तनळ्या बंद झाल्या. काही बाळांत सायटोमेगॅलोव्हायरस सापडतो. विषाणू निघून जातो, पण चवताळलेली प्रतिकारशक्ती नळीवर तुटून पडत राहते, असा तर्क आहे. माणसांत तो सिद्ध झालेला नाही. पण कारण विषाणू असो वा दुसरं काही, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून बाळंतिणीला बोल लावणं साफ थांबलं पाहिजे.

जपानच्या मोरिओ कासाई यांनी 1950 च्या दशकात शोधलेल्या शस्त्रक्रियेत आतडं थेट यकृताला जोडतात. ती 60 दिवसांच्या आत झाली तर यश मिळण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की बहुधा यकृतरोपणच उरतं.

आणि वऱ्हाडात हे साठ दिवस जातात कुठे? सव्वा महिना तर घराबाहेर न पडण्यातच जातो. पहिलं बाळंतपण माहेरी, परतणं सासरी. धारणीची आशाताई वेगळी, अचलपूरची वेगळी. दोघींच्या मध्ये लेकरू निसटतं. खरं तर आशाताईच्या गृहभेटी 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्याच आहेत. तैवानने 2004 पासून शीच्या रंगांचं कार्ड देशभर दिलं, जपानने 2012 मध्ये ते माता-बाल पुस्तिकेत घातलं. तेच कार्ड मेळघाटातल्या प्रत्येक आशाताईच्या पिशवीत हवं.

शी फिकट दिसली तर रक्ततपासणीत डायरेक्ट बिलिरुबिनचा (काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याच्या एका भागाचा) आकडा वेगळा मागावा. तो दर डेसिलिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर ऊन दाखवत न बसता त्याच आठवड्यात बाळाला लहान मुलांच्या शल्यचिकित्सकाकडे न्यावं, त्यासाठी नागपूर गाठावं लागलं तरी.