चाकांवरचे घर आणि वहिवाटीचा किनारा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात गेलेल्या आई-वडिलांपुढे कधी कधी एक प्रस्ताव येतो. हॉटेले बदलत हिंडण्यापेक्षा एक मोठी आरव्ही भाड्याने घ्यावी आणि समुद्रकाठाने आठ-दहा दिवस प्रवास करावा. स्वयंपाकघर बरोबर असल्याने सूर्यास्तापूर्वी घरचे जेवण होते, सामान रोज बांधावे लागत नाही आणि तीन पिढ्या एका छपराखाली राहतात. प्रस्ताव आकर्षक आहे. परंतु होकार देण्यापूर्वी त्याची जमाखर्चाची बाजूही पाहिली पाहिजे.

अशा प्रवासास ओरेगॉन राज्याचा किनारा विशेष अनुकूल आहे. उत्तरेस अस्टोरियापासून दक्षिणेस ब्रुकिंग्जपर्यंत सुमारे 580 किलोमीटर महामार्ग क्रमांक 101 समुद्राची सोबत करतो. पूर्वी वाटेतील खाड्या तरीने ओलांडाव्या लागत. 1936 साली अभियंता कॉन्डी मॅकलो यांच्या योजनेतील पाच मोठे पूल पूर्ण झाले आणि मार्ग सलग झाला. त्यांपैकी चार पूल आजही वापरात आहेत. फोर्ट स्टीव्हन्स, बेव्हर्ली बीच, हनीमन, बुलार्ड्स बीच, हॅरिस बीच अशा राज्य उद्यानांत आरव्हीसाठी वीज-पाण्याची सोय असलेल्या जागा आहेत. राज्यात विक्रीकर नाही, ही गोष्ट व्यापारी कुटुंबाच्या नजरेतून सुटणार नाही.

या किनाऱ्यामागे मालकी आणि वहिवाट यांचा एक बोधप्रद इतिहास आहे. 1913 साली गव्हर्नर ओस्वाल्ड वेस्ट यांच्या पुढाकाराने भरती-ओहोटीमधील वाळूचा पट्टा कायद्याने सार्वजनिक महामार्ग ठरला. लोक त्या काळी खरोखरच वाळूवरून ये-जा करीत. त्यापलीकडील कोरड्या वाळूचा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला. 1966 साली कॅनन बीच येथे एका मोटेलमालकाने आपल्या समोरची वाळू कुंपण घालून केवळ आपल्या ग्राहकांसाठी राखून ठेवली. जनमत खवळले आणि 1967 साली गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या सहीने नवा कायदा झाला. 1969 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीच्या आधारे लोकांचा हक्क मान्य केला. जमिनीचा कागद एकाच्या नावावर असला, तरी वाळूवर पाऊल ठेवण्याचा अधिकार सर्वांचा राहिला.

आता वाहनाचा विचार. बसच्या बांध्याच्या आरव्हीस ‘क्लास ए’ म्हणतात. तिची लांबी 40 फुटांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही अधिक असते. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली ‘क्लास सी’ साधारणतः 22 ते 32 फुटांची असते. पेट्रोलवरील मोठी गाडी लिटरमागे सुमारे 3 किलोमीटर धावते, म्हणजे एकेरी किनारा प्रवासालाच 190 लिटरांच्या आसपास इंधन लागते. त्यावर दिवसाचे भाडे, बहुधा मैलांमागे आकार, विमा आणि मुक्कामाच्या जागेचे शुल्क येते. मुद्दल गुंतवून गाडी विकत घेण्याचा मोह झाल्यास घसारा, वर्षभराची उभी राहण्याची जागा आणि खाऱ्या हवेने गंजणारा तळ हे खर्चही वहीत मांडावेत. वर्षातून दोन आठवडे वापरण्याच्या वस्तूसाठी कर्ज काढण्यापेक्षा भाडे देणे शहाणपणाचे आहे.

मोठेपणाची खरी किंमत मात्र पैशांपेक्षा मोकळिकीत मोजावी लागते. प्रत्येक जागेची लांबी ठरलेली असते. 38 फुटांचे वाहन 30 फुटांच्या जागेत मावत नाही. आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि समुद्राजवळच्या लांब जागा लवकर संपतात. म्हणून आधी जागा पाहाव्यात, मग गाडी ठरवावी. सहा माणसांच्या कुटुंबास 28 फुटांची गाडी पुरते, आणि तिला मुक्कामाची दारे अधिक उघडी असतात.

काही शिस्त अपरिहार्य आहे. गाडीची उंची लिहून चालकासमोर चिकटवावी. वळताना मागचा भाग बाहेर झुकतो, याचे भान ठेवावे. पुलावर वारा असेल तेव्हा वेग कमी करावा आणि मागे वाहने साचल्यास रुंद जागी थांबून वाट द्यावी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू असल्याची खात्री निजण्यापूर्वी करावी, कारण या वायूला वास नसतो. सांडपाणी आणि शौचाचे पाणी यांच्या टाक्या वेगळ्या असतात. त्या नेमलेल्या ठिकाणीच रिकाम्या कराव्यात. त्सुनामीच्या वेळी कोणत्या वाटेने उंचावर जायचे, हे दर्शविणाऱ्या पाट्या आल्याबरोबर पाहाव्यात. तेव्हा गाडी हलविण्याच्या खटपटीत न पडता माणसांनी पायी निघावे.

किनारा सर्वांचा आहे याचा अर्थ रात्री कोठेही गाडी उभी करता येते असा नव्हे. कायद्याने वाळूचे कुंपण काढले, मर्यादा काढली नाही. वहिवाटीने मिळालेला हक्क वापरणाऱ्यांच्या वागणुकीवरच टिकतो. म्हणून सकाळी गाडी हलल्यावर जागा जशी मिळाली तशीच, किंबहुना थोडी अधिक स्वच्छ, मागे राहावी.